उरलेल्या पत्रिकांचे मुलूख

"छापलं का?"

लग्नाचं, वास्तूचं, बारशाचं, कशाचंही तोंडी आमंत्रण दिलं की काका एवढंच विचारत. समोरचा ओशाळून म्हणे, नाही हो, घरच्या घरी करतोय. मग काका हात जोडत. "मंग मी बी घरच्या घरी रायतो." यात चेष्टा बिलकुल नसे. खरंच जात नसत. सख्ख्या साळ्याच्या वास्तूला गेले नाहीत, कारण त्याने फोनवर सांगितलं होतं. आणि ओळख ना पाळख अशा कोणाची छापील पत्रिका हातात पडली, की भर उन्हात टोपी चढवून निघालेच. जेवता जेवता पत्रिकेतल्या चुका काढत. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "सोनेरी शाई कच्ची हाय बाप्पा तुमच्या छापखान्याची, पाहुन्याच्या बोटाले लागून राह्यली." बाप बिचारा गडबडीत. त्याने यांना वेडं ठरवलं आणि वाढप्याला अजून एक जिलेबी वाढायला सांगितली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या एका बोळात त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना होता. खाली यंत्रं, वर दोन खोल्या. एकीत काका एकटे, दुसरीत भाडेकरू मी. मी अमरावतीची. अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले होते आणि दर शनिवारी पिशवी भरून घरी पळत होते. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी ना जात विचारली ना पगार. अमरावती म्हटल्यावर मान वर केली आणि विचारलं, "कोन्या बाजूच्या?" मी म्हटलं राजापेठेच्या. "तिकडं पानी गोड हाय ना?" मी हो म्हटलं. "मंग ठीक हाय," म्हणाले, जणू काही मीच ती पाइपलाइन टाकली होती. तेव्हापासून दर सोमवारी जिन्यात प्रश्न ठरलेला. अमरावतीत पाऊस होता का? ऊन लय हाय का? डेंग्यूची साथ हाय म्हनतात, खरं काय? मला वाटायचं, म्हातारा आपला गप्पिष्ट आहे. एकदा वैतागून म्हटलं, "काका, वेधशाळेत फोन करा ना." हसले आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच.

गुरुवारी छापखान्याचं शटर संध्याकाळीच अर्धं खाली यायचं आणि आतून भांडणाचे आवाज यायचे. एकदा पेपर तपासत बसले होते, डोकं उठलं, तणतणत खाली गेले. आत काका आणि समोरच्या दुकानातले बाइंडिंगवाले चाचा एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. दोघंही साठीच्या पुढचे. वाद काय, तर ज्या जगात सूर्य उगवत नाही तिथे गहू पिकेल का. चाचा म्हणत होते, जादू की दुनिया है, पिकेल. काका म्हणत होते, जादू गेली उडत, कोंब कसा येईन ते सांगा. मी शटरखालून वाकून आत गेले आणि कडक आवाजात म्हटलं, "नाही पिकणार. उजेडाशिवाय काही पिकत नाही. आता जरा हळू बोला." दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग काकांनी स्टूल पुढे सरकवलं. त्या संध्याकाळचे पेपर तसेच राहिले.

टेबलावर पत्ते होते. साधे बावन्न नव्हेत. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे, कुठे मागे सोनेरी वेलबुट्टी, कुठे अर्धा कलश, कुठे गणपतीची नुसती सोंड. पुढच्या बाजूला काकांच्या हाताची चित्रं आणि खाली बारीक छापलेले नियम. खेळाचं नाव 'मुलूख'.

मूळ खेळ इंग्रजी. तो या घरात कसा आला ते पुढे सांगते. त्या खेळात एकच एक जग नसतं, कितीतरी जगं असतात, आणि प्रत्येकाचे कायदे निराळे. एक जग म्हणजे टोकापासून टोकापर्यंत नुसतं शहर, माती औषधालाही नाही. एकात डोंगर हवेत तरंगतात. एकात सगळं लोखंडाचं, झाडंसुद्धा. एकात रात्र सरतच नाही. मोठे मोठे जादूगार या जगातून त्या जगात जातात आणि लढतात. काकांना हे समजावून सांगितलं तेव्हा, चाचांच्या म्हणण्याप्रमाणे, त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दोनच प्रश्न विचारले. "तरंगत्या डोंगरावर हीर कुठं खंदतात? अन जादूगाराले दुसऱ्या जगात काय काम हाय?"

या दोन प्रश्नांतून काकांचे मुलूख निघाले.

पहिला प्रश्न पाण्याचा, कारण काका दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातले. विहीर खणली की पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. असा माणूस जग बनवायला बसला तर आधी पाणीच बघणार. नवीन मुलूख टेबलावर यायचा तेव्हा काका आम्हाला विचारत, "इथलं पानी सांगा." नाही सांगता आलं तर मुलूख बाद. चाचांनी एकदा उत्साहाने आगीचा मुलूख बनवून आणला होता, सुंदर लाल कागदावर. "पितात काय?" काकांनी विचारलं. चाचा म्हणाले, "भाई, आग के लोग हैं, नहीं पीते." काकांनी कागद परत केला. "मंग ते मानसं नाईत. आनखी काई आना."

एका लग्नाच्या उरलेल्या कागदातून एक मुलूख, असा त्यांचा नेम होता. अंजनगाव सुर्जीच्या कोण्या घराने हिरव्या पत्रिका छापून घेतल्या होत्या. त्यांच्या कातरणातून पानमळ्यांचा मुलूख झाला. तिथे सदा सावली, माणसं हळू बोलतात, आणि उन्हाची एक तिरीप आत सोडली की अख्खं सैन्य कोमेजतं. पांढऱ्याशुभ्र कागदाचा कापसाचा मुलूख. तिथे आवाज पोचत नाही, म्हणून तो मांडला की खेळणाऱ्यांनीही बोलायचं नाही. चाचा तिथे हमखास हरायचे, कारण त्यांचं तोंड दोन मिनिटं बंद राहत नसे. पिवळ्या कागदाचा उन्हाचा मुलूख अकोल्याच्या मे महिन्यावरून काढलेला. दुपार झाली की सगळे पत्ते पालथे, राजापासून चोरापर्यंत सगळे झोपलेले, हल्ला करायचा नाही. "दुपारी कोनी कोनाच्या घरी जाते का?" काका म्हणत. आणि खारं. राखाडी, खरबरीत कागदाचा सगळ्यात जुना मुलूख. तिथे तलवारी नाहीतच. ज्याच्या घरी गोड पाण्याचा रांजण तो राजा, आणि शत्रूलासुद्धा तहान लागली तर पाणी द्यावंच लागतं, नाही तर डाव गेला.

मरण कोणत्याच मुलखात नव्हतं. पत्ता हरला की रुसायचा. रुसलेला पत्ता आडवा ठेवायचा आणि मानपान करून त्याला पुन्हा उठवायचं. ज्याच्या मांडवातले सगळे पाहुणे रुसून गेले तो हरला. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हटलं, काका, हा युद्धाचा खेळ आहे की लग्नाचा? ते म्हणाले, "तुमचं लग्न नाई झालं अजून, म्हून दोन येगळे वाटतात."

दुसरा प्रश्न मला जास्त आवडायचा. एका जगातून दुसऱ्यात जायचं तर कारण काय? काकांचं उत्तर एकच. लेक दिलेली असेल तर. "कारन असल्याबिगर मानूस गाव सोडत नाई. पोरगी देल्ली असन त जाईन." म्हणून त्यांच्या खेळात दारं नाहीत, विमानं नाहीत, मंत्रही नाहीत. दोन मुलूख जोडायचे तर सोयरीक करायची. पानमळ्याची मुलगी खाऱ्यात दिली की मधली वाट उघडली. त्यासाठी काका चक्क पत्रिका छापत, वर गणपती, खाली 'आपले आगमन प्रार्थनीय', विवाहस्थळ 'गोड्या हिरीजवळ, मुक्काम खारं'. आणि त्या वाटेने जाऊ शकणारा पत्ता एकच, मुराळी. सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो जातो तो. इंग्रजी खेळातले महापराक्रमी जादूगार काकांनी काढून टाकले आणि त्यांच्या जागी डोक्यावर रुमाल, हातात पिशवी असा एक साधा माणूस बसवला. मुराळ्यावर कोणी हल्ला करू शकत नाही. फक्त त्याने रिकाम्या हाताने परत यायचं नाही.

मी दिवसभर मुलांना मोल आणि व्हॅलन्सी शिकवायची, स्टाफरूममध्ये हजेरीवरून बोलणी खायची, आणि गुरुवारची वाट बघायची. शनिवारी घरी जायचं त्याच्यापेक्षा जास्त. घरी स्थळांच्या गोष्टी. इथे मी पानमळ्यात बसून खाऱ्यातल्या राजाची तहान भागवत होते. माझ्या आयुष्यात एवढी मोठी जागा मला ना आधी मिळाली, ना नंतर.

काकांच्या मुलीचं मला चाचांनी सांगितलं. मी त्यांच्या दुकानात प्रॅक्टिकलच्या वह्या बांधायला टाकायला गेले होते. "मॅडम, आप अमरावती जाते ना हर हप्ता? इसकी बेटी वहीं है. तुमच्या घरापासून दूर नाई."

काकांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. तो इंग्रजी खेळ तिनेच आणला होता, पुण्याच्या होस्टेलमधून. आई आधीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. सुट्टीत ती यायची आणि दोघं मुलूख बनवत बसायचे. पानमळा तिचा, कापूसही तिचा. मग तिने आपल्या पसंतीने लग्न करायचं ठरवलं. मुलगा परजातीचा. भाऊबंद नातं तोडायला उठले, पण काका नाही. काकांनी नव्या कागदाचे नमुने काढून तिच्यासमोर पसरले. ती म्हणाली, बाबा, पत्रिका नको, गाजावाजा नको, आम्ही रजिस्टर करून येतो, तुम्ही सही करायला चला. काका म्हणाले, "बिनापत्रिकेचं लग्न मी पाह्यलं नाई." ती म्हणाली, मग नका पाहू. आणि गेली.

"बस?" मी विचारलं.

"बस. इतनी सी बात."

त्यानंतर दोघांनी आपापला कायदा धरला. तिचं म्हणणं, माझं लग्न झालं आहे, लेक सासरी आहे, मला न्यायला माहेरचं कोणी तरी यावं लागतं, मी आपल्या पायाने येणार नाही. काकांचं म्हणणं, पत्रिकाच नाही तर लग्न कुठलं? लग्न झालं नाही तर मुराळी कशाला धाडायचा? घर तिचंच आहे, यायला कोणाची मनाई? दोघांचं ऐकलं की दोघं बरोबर वाटायचे आणि दोघांच्या एकेक थोबाडीत द्यावीशी वाटायची. अकोला ते अमरावती मोकळा सपाट रस्ता, अर्ध्या अर्ध्या तासाला गाडी. एवढं अंतर काटायचं सोडून हा माणूस जगामागून जग छापत बसला होता.

मी त्या सोमवारी जिन्यातच तोंडावर बोलले. "काका, अमरावतीचा पाऊस मला विचारता, तिला विचारा ना. वेड्यासारखं काय करता?"

ते दोन पायऱ्या चढले, थांबले. "मॅडम, खोली बदलाची हाय का?"

ते वर गेले. त्या गुरुवारी खेळ झाला नाही, आणि मला त्या एका संध्याकाळीच कळलं की हे टेबल गेलं तर आपलं अकोल्यात काहीच नाही.

पुढच्या गुरुवारी काकांनी काही न झाल्यासारखं स्टूल सरकवलं, मीही तो विषय काढला नाही. लग्नसराईत एक भानगड झाली. दुपारची वेळ, मला सुट्टी होती, मी खाली प्रुफं वाचून देत होते. एक म्हातारे गृहस्थ आत आले. धोतर, पांढरी टोपी, बगलेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. घामाने थबथबलेले. त्यांनी खिशातून पत्रिका काढून टेबलावर ठेवली.

"मांडव कुठी हाय?"

काकांनी पत्रिका पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. पानमळा आणि खाऱ्याची सोयरीक. हिरव्या पत्रिकांच्या कोण्या गठ्ठ्यात आमची ती एक पत्रिका सरकून गेली होती. गठ्ठा अंजनगावला गेला आणि तिथे वाटणाऱ्या पोराने आजोबांच्या दारात ती टाकली. आजोबा अंजनगावहून दोन गाड्या बदलून आले होते.

"तुम्हाला नाव ओळखीचं वाटलं का?" मी विचारलं. राहवलं नाही.

"नाई बा. लय इचार केला. खारं गाव बी कुठी सापडलं नाई. पन पत्रिका आली म्हटल्यावर जाव लागते. आपुन त्याले वयखत नसू, पन तो आपल्याले वयखत असन ना, तवाच त पत्रिका धाडली." त्यांनी बोटाने तळाची ओळ दाखवली, जिथे छापखान्याचा पत्ता असतो. "म्हटलं, छापनाऱ्याले त माहीत असनच मांडव कुठी हाय."

काका एरवी शब्दाला शब्द देणारे. त्या दिवशी त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. मग शटर अर्धं ओढलं, चाचांना हाक मारली आणि म्हणाले, "मांडव इथंच हाय, आबाजी. बसा. तुमी वधूकडचे."

चाचांनी कोपऱ्यावरून जिलेबी आणि वांग्याची भाजी-पोळी आणवली. टेबल पुसून मुलूख मांडले आणि भर दुपारी त्या दोन जगांचं लग्न लावलं. मी अक्षता म्हणून कातरणाचे तुकडे टाकले. आबाजींना खेळ काय कळला देव जाणे, पण त्यांनी सगळं मन लावून विचारलं. खाऱ्यात पाणी कसं पुरतं, पानमळ्याची पोर तिथे नांदेल का, सासू कशी आहे. काका एकेक समजावून सांगत होते. मी त्यांना एवढं फुललेलं कधी पाहिलं नव्हतं. जेवण झालं, आबाजींनी पान खाल्लं आणि विचारलं, "आता आखाजीले पोरीले आनाले कोन जाईन?"

काकांनी मुराळ्याचा पत्ता पुढे केला.

"हा त कागद झाला. मानूस कोन?" मग सहज विचारल्यासारखं, "तुमाले पोरगी हाय का?"

"हाय." काकांनी पत्ते गोळा करायला घेतले. "लग्न नाई झालं तिचं."

"झूठ मत बोल," चाचा म्हणाले. आणि काका अडवत असताना त्यांनी सगळं सांगून टाकलं, कोर्ट, सही, पत्रिकेचे नमुने, सगळं.

आबाजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी येडा म्हना पायजे त. नुसत्या कागदावर इथं आलो, इथं लग्नच नाई. अन तुमी झालेल्या लग्नाले कागद मागून राह्यले." त्यांनी पुडकं टेबलावर ठेवलं. आत एक लुगडं होतं, डाळिंबी रंगाचं. "आहेर परत नेत नसतात. कोन्या बी लेकीले द्या." आणि टोपी झटकून, गाडी चुकेल म्हणून लगबगीने निघून गेले. ते पुन्हा कधी भेटले नाहीत.

काका त्या दिवशी छापखान्यात एकटेच बसून राहिले. लुगड्याला हात लावला नाही. चाचा दोनदा डोकावून गेले. मी वर जाऊन खिडकीत बसले आणि मनात म्हणत होते, जा ना हो, उठा ना.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या शुक्रवारी त्यांनी माझं दार वाजवलं. हातात ते लुगडं, एक चोळीचा खण आणि पेढ्यांचा पुडा.

"मॅडम, उद्या अमरावतीले जाता ना?"

"जाते."

"मले जाता येत नाई. मुराळी बाप नसते." जरा थांबून, "बाईमानूस मुराळी बी कोनी पाह्यला नाई. पन तुमी जा."

मी उद्याची वाट बघितलीच नाही, त्याच संध्याकाळी निघाले.

चाचांनी खुणा सांगितल्या होत्या, तिचं घर शोधायला वेळ लागला नाही. दार तिनेच उघडलं. नाक काकांचं, कपाळही काकांचं. कडेवर एक वर्षाची मुलगी. काकांना नात आहे हे काकांनाही माहीत नव्हतं. मी सांगितलं, मी तुझ्या बाबांची भाडेकरू, तुला न्यायला आले आहे, मुराळी म्हणून. ती हसायला लागली. "बाईमाणूस?" म्हणाली, आणि हसता हसता दारातच खाली बसली, पोरीला छातीशी धरून. नवरा आतून आला. साधा, चष्मेवाला, घाबरलेला मुलगा. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि तिला म्हणाला, "जा ना. चार दिवस राहून ये."

तिने डोळे पुसले आणि मला विचारलं, "मुलूख अजून आहेत?"

"आहेत. वाढले आहेत."

"किती?"

"तूच ये आणि मोज."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती सबंध वाट बोलत होती. काका घरी कसे आहेत हे एकदाही विचारलं नाही. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, मग मात्र तिने माझा हात धरला आणि अकोल्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत सोडला नाही.

काका छापखान्याच्या दारात उभे होते. नवा सदरा. ती रिक्षातून उतरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि पोरीकडेच हात पुढे केले. नात अनोळखी माणसाकडे गेली नाही, भोकाड पसरलं. "रुसली," काका म्हणाले. चाचा आपल्या दुकानात तोंड फिरवून कागद कापत बसले. एकच कागद, परत परत.

त्या चार दिवसांत आम्ही रोज खेळलो. काय खेळायची ती. काकांचे नियम काकांवरच उलटवायची. तिसऱ्या दिवशी तिने सगळे मुलूख टेबलावर मांडले, काही खाली फरशीवर, आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "बाबा, यातल्या सगळ्या पोरी लग्न होऊन निघून जातात. राहते कोणती?"

काकांनी सगळीकडे पाहिलं. प्रत्येक मुलखात एक बाप, एक मांडव, एक निघालेली मुलगी.

"खरं हाय," म्हणाले. "माह्या ध्यानातच नाई आलं."

त्यानंतर काय झालं ते सांगायला गोष्ट लागत नाही. चांगलंच झालं. काका गुरुवारी अमरावतीला जायला लागले. सकाळच्या गाडीने जायचे, शुक्रवारी परत. छापील आमंत्रण नाही, काही नाही. हळूहळू ते साळ्याकडेही गेले. पहिले काही आठवडे चाचा आणि मी दोघंच मुलूख मांडून बसलो, पण जमेना. नवीन जग येत नव्हतं. भांडायला कोणी नव्हतं. चाचा म्हणाले, "मॅडम, वो दुनिया बनाता था, मैं तो खाली काटता था." एका गुरुवारी त्यांनी चहा प्यायला आणि आपल्या दुकानात गेले, आणि मग तेही येईनासे झाले. उरलेला कागद काका आता रद्दीवाल्याला देतात. हिरवा, लाल, सोनेरी, सगळा एकाच पोत्यात जातो.

पुढे माझी अमरावतीला बदली झाली. मीच मागून घेतली होती. आता काका गुरुवारी कधी कधी माझ्याकडेही येतात, नातीला घेऊन. नात मोठी झाली आहे, वटवट करते, काका ती सांगेल ते ऐकतात. तब्येत सुधारली आहे, दाढी नीट केलेली असते. मुद्दाम काही विचारायला जावं असं त्यांचं आता काहीच राहिलं नाही. मला कोणी पाऊस विचारत नाही.

मागच्या वेळी मी धीर करून म्हटलं, "काका, एक डाव मांडू या ना. पानमळा आणि खारं. तुम्ही आणा पत्ते."

ते हसले. बशीतला चहा संपवला. "मॅडम, ते मुलूख मी तिच्यापर्यंत जायासाठी बनोले व्हते. आता यष्टीनं जातो."

"मला आवडायचे हो ते."

"असन," ते म्हणाले, प्रेमानेच. "तुमी लेकरू व्हत्या तवा." मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

नातीने चपला घातल्या, काकांचं बोट धरलं. मी फाटकापर्यंत गेले. पुढच्या गुरुवारी या म्हटलं. येतो ना, म्हणाले, हिच्या मायले बी घेऊन येतो, तिची बी भेट होईन. आणा, मी म्हटलं, नक्की आणा. ते दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उभी होते. मला काका एकटे यायला हवे होते. अर्ध्या शटरखालून वाकून आत यावं आणि कोणीतरी स्टूल पुढे सरकवावं, इथलं पाणी सांगा म्हणावं, असं हवं होतं. हे कोणत्या तोंडाने मागू? तो माणूस एकटा होता, झुरत होता, म्हणून ती जगं होती. ती परत हवीत म्हणजे त्याची लेक पुन्हा दुरावलेली हवी. इतकी वाईट मी नाही. देव त्यांना असंच सुखात ठेवो. पण हवीत मला.